छप्पन्न फुटांची शर्यत

मिस्त्रींनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी आडवं उभारायला घेतलं, तेव्हा ते त्रेसष्ट वर्षांचे होते. त्याआधीची एकोणचाळीस वर्षं त्यांनी लिफ्टच्या शाफ्टमध्ये काढली होती, आणि शाफ्टमध्ये आडवं असं काही नसतं; असलंच तर ते पंचनाम्यात असतं. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. बायकोही म्हणे. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी नाव काही निवृत्त झालं नव्हतं. इमारतीतली लिफ्ट जरा कुरकुरली की शेजारी त्यांच्याकडे असं बघत, जणू त्यांनीच तिला काहीतरी शिकवलंय.

त्यांना एकच भाऊ. सहा वर्षांनी मोठा. दादा घड्याळं दुरुस्त करायचा, त्यामुळे घरातली वेळ पहिल्यापासून त्याच्या ताब्यात होती. तरुणपणी दोघांनी मिळून एक जुना स्लॉट कारचा संच मिळवला होता. स्लॉट कार म्हणजे वीतभर लांबीची विजेवर चालणारी गाडी. तिच्या पोटाखाली एक लहानशी जीभ असते, ती रस्त्यात कोरलेल्या खाचेत बसते, आणि खाचेच्या दोन्ही कडांच्या तांब्याच्या पट्ट्यांतून गाडीला वीज मिळते. हातात पिस्तुलासारखी मूठ, मुठीला चाप. चाप दाबला की गाडी सुटते, सोडला की थांबते. या गाड्यांचे वळणावळणाचे ट्रॅक असतात तसे सरळसोटही असतात, त्यांना ड्रॅग स्ट्रिप म्हणतात. दोन लेन, दोन गाड्या, सुरुवातीला दिव्यांचा खांब. तीन पिवळे दिवे एकामागून एक लागतात, मग हिरवा. हिरवा लागला की दाबायचं; आधी पोचेल तो जिंकला. सगळा प्रकार दीड सेकंदात आटपतो. शिंकेलासुद्धा याहून जास्त तयारी लागते.

दोघा भावांकडे तेव्हा दिवे नव्हते. दादा तोंडाने ‘एक, दोन, तीन’ म्हणायचा, आणि तीनमधला ‘ती’ सुटून ‘न’ यायच्या आत त्याची गाडी सुटलेली असायची. मग तोच स्टॉपवॉच बघायचा आणि तोच निकाल सांगायचा. मिस्त्री दरवेळी दुसरे येत. दोनच स्पर्धक असल्यामुळे दुसरा नंबर तसा खात्रीचा होता. दादा लवकर सुटतो हे त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं, पण ‘फाउल’ हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. थोरल्या भावाला कुणी फाउल देत नाही.

आठ महिन्यांपूर्वी दादाला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू आणि वाचा एकाच सकाळी गेली. वहिनी आधीच गेल्या होत्या, मुलगी विमानाने दोन टप्प्यांवर. दादाला एका शुश्रूषा केंद्रात ठेवलं. चौथा मजला, खिडकीजवळची खाट. तिथल्या व्यायामवाल्या बाईंनी मिस्त्रींना बाजूला घेऊन सांगितलं होतं, “काका, पडून पडून डावा हातही ढिला झालाय, पण त्याच्या पहिल्या बोटात अजून चांगली ताकद आहे. पण ते वापरतच नाहीत. चेंडू दिला, चिमटा दिला, बेलचं बटण दिलं. आम्ही बघतोय म्हटलं की भिंतीकडे तोंड. असंच राहिलं तर तेही जाईल.”

मिस्त्रींना हे समजवावं लागलं नाही. वापरातल्या लिफ्टपेक्षा बंद ठेवलेली लिफ्ट आधी बिघडते, हे ते गेली चाळीस वर्षं लोकांना सांगत आले होते. दादाच्या त्या बोटाला कशासाठी हलावंसं वाटेल, याचा त्यांनी दोन दिवस विचार केला. दादाने आयुष्यात एकच गोष्ट कुणी न सांगता, किंबहुना सांगायच्या आधीच केली होती. ती म्हणजे चाप दाबणं.

म्हणून मिस्त्री ड्रॅग स्ट्रिप बांधायला बसले.

खऱ्या शर्यतीचा पाव मैल गाडीच्या मापाने लहान केला की पंचावन्न फूट येतो. आठ फुटांचे सात तुकडे म्हणजे छप्पन्न, वर गाडी थांबायला आणखी दोन. एकूण नऊ. तुकडे सुटे हवेत, कारण ट्रॅक दादाकडे न्यायचा होता. दादा ट्रॅककडे येण्यातला नव्हता. चौथ्या मजल्याचा कॉरिडॉर त्यांनी पावलांनी मोजून घेतला, ऐंशी फूट भरला. लिफ्ट मात्र टेपने मोजली. रुंदी साडेचार, उंची सात, तिरपी फळी घातली तर आठ फूट तीन इंच बसते. तीन इंच मोकळे ठेवून त्यांनी आठ फूट धरले आणि समाधानाने टेप गुंडाळली. जिना त्यांनी मोजला नाही. जिना ही वस्तू मिस्त्रींच्या जगात नव्हतीच. लिफ्ट बंद असताना लोक जिथून त्यांना शिव्या देत वर जातात, ती जागा म्हणजे जिना. एवढीच त्यांची ओळख.

पाच महिने बाहेरच्या खोलीत प्लायवूडचा भुसा उडत होता. खाच तीन मिलिमीटर रुंद कोरायची आणि नऊच्या नऊ फळ्यांत एका रेषेत आणायची. सांध्यावर नखाएवढी जरी पायरी राहिली तरी गाडी उडते. मिस्त्रींनी सांधे लिफ्टच्या रुळांसारखे केले, एका टोकाला जीभ, दुसऱ्याला खोबण, खालून लोखंडी जोडपट्टी आणि चार बोल्ट. डोळे मिटून सांध्यावरून नख फिरवायचं. नखाला कळलं तर कानस. प्रत्येक सांधा त्याच्या त्याच्या जोडीदाराशीच घासून बसवलेला, म्हणून फळ्यांना एक ते नऊ आकडे. तीनची फळी पाचशी जुळत नसे. “आपल्या घराण्यासारखं आहे,” बायको म्हणाली.

ती अधूनमधून दारात उभी राहून बघे. एकदा म्हणाली, “चाळीस वर्षं माणसं वर-खाली केलीत. आता आडवी करायला निघालात.”

“माणसं नाही, गाड्या,” मिस्त्री म्हणाले.

“तेच ते. जेवायला कुठे बसायचं तेवढं सांगा.”

पण तांब्याची पट्टी चिकटवताना दुसरं टोक तिनेच धरलं, आणि पट्टीला कुठेही फुगा राहू दिला नाही. चादरी घडी करणाऱ्या बाईला ते मुद्दाम शिकवावं लागत नाही.

निकाल या वेळी कुणाच्या तोंडचा नको होता. मिस्त्रींनी दिव्यांचा खांब केला, शेवटच्या रेषेवर गाडी टिपणारा विजेचा डोळा बसवला, आणि घड्याळ लावलं. हिरवा दिवा लागल्यावर कोण किती उशिरा सुटलं हेही ते दाखवायचं, आणि हिरव्याच्या आधी सुटणाऱ्याच्या लेनवर लाल दिवा लावायचं. लाल दिवा जोडताना ते बराच वेळ थांबले होते. शेवटी जोडला.

तेवढ्यात पुतणीचा फोन आला. तिने सगळी व्यवस्था केली होती. शनिवारी ती बाबांना आपल्या गावी घेऊन जाणार होती. मिस्त्रींनी तिला दोष दिला नाही. मुलगी नेते म्हणते, तेव्हा काका काय म्हणणार? पण शनिवारनंतर दादाच्या बोटाचं काय झालं हे त्यांना फोनवरच कळणार होतं, आणि फोनवर सगळं ठीकच असतं. इन्चार्ज सिस्टरांनी गुरुवारची सकाळ दिली. अकरा ते साडेबारा. साडेबाराला जेवणाच्या ट्रॉल्या निघतात, तेव्हा कॉरिडॉर मोकळा पाहिजे.

गुरुवारी टेंपोवाल्याने नऊ फळ्या केंद्राच्या दारात उतरवल्या. हा गल्लीतलाच, बोलका माणूस. शर्यत दीड सेकंदाची आहे हे कळल्यापासून त्याने दोनदा विचारलं होतं, “नक्की ना? मग मी टेंपो चालूच ठेवतो.”

फळ्या वर न्यायच्या आधी मिस्त्री एकदा मोकळ्या हाताने दादाकडे निघाले. लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली, आणि थांबल्यावर आणखी दोन बोटं वर सरकली. दुसरा कुणी असता तर उंबरा ओलांडल्यासारखा पाय टाकून गेला असता. मिस्त्री आतच उभे राहिले. खाली गेले, पुन्हा वर आले. या वेळी तीन बोटं. आणि जळक्या रबरासारखा बारीक वास.

त्यांनी वॉचमनकडून गच्चीवरच्या मशीन रूमची किल्ली मागून घेतली. लिफ्ट त्यांची नव्हती, तिचं कंत्राट दुसऱ्याच कंपनीकडे होतं. पण दुखणं कुणाचंही असलं तरी वैद्याला नाडी धरावीशी वाटतेच. ब्रेकचं अस्तर संपून रिव्हेट उघडे पडले होते, ड्रम तापून निळा पडला होता. अशी लिफ्ट आज चालते, उद्या चालते, आणि परवा एखादी बाई म्हाताऱ्याची खुर्ची ढकलत असताना दार उघडं ठेवूनच वर निघते.

मिस्त्री मशीनसमोरच्या उलट्या बादलीवर बसले. नऊ फळ्या. नऊच फेऱ्या. इतके महिने चालली ती अर्धा तास चालणार नाही? आणि माणूस नकोच आत. फळ्या एकट्याच पाठवल्या तर? मग त्यांना आठवलं की नेमकं हेच उत्तर देणाऱ्या कितीतरी शिकाऊ पोरांना त्यांनी कामावरून घरी पाठवलं होतं. एकदा बघितलं की बघितलं. न बघता चालवली तर तो अपघात. बघून चालवली तर त्याला दुसरं नाव आहे.

त्यांनी उठून मुख्य स्विच खाली ओढला, आणि वॉचमनच्या टेबलावरच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: लिफ्ट बंद. अक्षर त्यांचं चांगलं होतं. सवयीचं होतं.

सिस्टरांनी कंपनीला फोन केला. कंपनी म्हणाली, सोमवारी.

मग जिना. तीन फूट रुंद, बसकं छत, आणि कुणी तोल जाऊन पडू नये म्हणून कठड्याला वरपर्यंत जाळी ठोकलेली. एक नंबरची फळी पहिल्याच वळणावर अडकली. उभी केली तर छताला लागे, आडवी केली तर जाळीला, तिरपी केली तर दोन्हीला. टेंपोवाला वरून ओढत होता, मिस्त्री खालून ढकलत होते, आणि फळी दोघांच्या मधे शांतपणे आपलं माप दाखवत होती.

“कापूया?” टेंपोवाला म्हणाला.

मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने आपलं टोक खाली घेतलं.

दादाला खाली आणता येईल का, हे मिस्त्रींनी विचारून पाहिलं. सिस्टर वाईट नव्हत्या. म्हणाल्या, “काका, शनिवारी त्यांना चौघांनी खुर्चीला बांधून जिन्यानेच उतरवावं लागणार आहे, ते तुमच्याच कृपेने. एकदाच. आज आणि परवा असं दोनदा मी नाही करू देणार. त्यांचं ब्लडप्रेशर बघितलंय का?” मिस्त्रींनी बघितलं नव्हतं, पण ऐकलं होतं.

ट्रॅक वर जात नव्हता, दादा खाली येत नव्हता, आणि मधली लिफ्ट ज्याने बंद केली तो माणूस तळमजल्यावर नऊ फळ्यांशेजारी उभा होता. तेव्हा त्याला वायर आठवली. चाप म्हणजे शेवटी काय, तीन वायरींच्या टोकाला बसवलेलं एक बटण. टोक कितीही लांब नेता येतं. टेंपोत लिफ्टच्या कामातून उरलेल्या जाड वायरीचं भेंडोळं होतं. ते घरात ठेवायला बायकोने बंदी केल्यापासून टेंपोतच राहत होतं. तळमजल्याचा कॉरिडॉरही ऐंशीच फूट, वरच्याच्या बरोबर खाली. ट्रॅक खाली मांडायचा, आणि दादाचा चाप तेवढा जाळीच्या भोकांतून ओवत चौथ्या मजल्यावर न्यायचा. लिफ्ट कुठल्याही मजल्यावर असली तरी बटण हाताशी असतं. मिस्त्रींना यात नवल वाटलं नाही.

साडेअकराला ट्रॅक उभा राहिला. दिवे लागले, सांध्यांवरून नख फिरलं, टेंपोवाल्याने एक गाडी पळवून पाहिली. एक पूर्णांक बेचाळीस सेकंद. तो म्हणाला, “पुन्हा एकदा लावा ना.”

मिस्त्री दुखऱ्या गुडघ्याने चार मजले चढले. दादा भिंतीकडे तोंड करून होता. दादाच्या लाल गाडीची जुनी मूठ त्यांनी जपून ठेवली होती. तीच त्यांनी डाव्या हातात बसवली, तर्जनी चापावर ठेवली, मनगटाखाली उशी सरकवली. खाली काय मांडलंय, ते सांगितलं. लाल गाडी तुझी, डावी लेन तुझी. दादाने मान वळवली नाही. बोट जिथे ठेवलं तिथे राहिलं, टेबलावर ठेवलेल्या चष्म्यासारखं.

“मी खाली जातो,” मिस्त्री म्हणाले. “इथे बघत बसत नाही.”

वॉर्डातल्या मावशींनी आपल्या फोनवर दिवे दाखवायचं कबूल केलं होतं. मिस्त्री खाली पोचले, उजव्या लेनमागे उभे राहिले, आपला चाप हातात घेतला. टेंपोवाल्याने मिस्त्रींचा फोन दिव्यांच्या खांबासमोर धरला. पिवळा, पिवळा, पिवळा, हिरवा. घड्याळाचे आकडे सुटले.

लाल गाडी हलली नाही. मिस्त्रींनीही चाप दाबला नाही. दादाची गाडी उभी असताना सुटायची त्यांना सवय नव्हती.

“चित्र अडकलंय,” फोनमधून मावशी म्हणाल्या. “दुसऱ्या पिवळ्यावर.”

मग चित्राचा नाद सोडून त्यांनी नुसताच फोन चालू ठेवला. मिस्त्रींनी सांगितलं, हिरवा लागलाय, दादाला म्हणावं केव्हाही दाब. मावशींनी ते दादाच्या कानाशी मोठ्याने सांगितलेलं खालीही ऐकू आलं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. घड्याळाला नव्याण्णव सेकंदांपुढचे आकडेच नव्हते, ते तिथे जाऊन थांबलं. उशिरा सुटणाऱ्यासाठी एवढी जागा पुरेल असा मिस्त्रींचा अंदाज होता.

“डोळे मिटलेत,” मावशी म्हणाल्या. “झोपले असतील. मला बाजूच्या खाटेवर बोलावतायत हो. येते परत.”

मिस्त्री ट्रॅकच्या टोकाला उभे राहिले. लिफ्ट अडकली तर काय करायचं हे त्यांना माहीत होतं. वर जायचं, चाक हाताने फिरवायचं, केबिन इंचाइंचाने मजल्याला आणायची. आतल्या माणसाला ओरडून सांगायचं, घाबरू नका, आलोच. इथे फिरवायला चाकच नव्हतं. बारा वाजले. सव्वाबारा वाजले. स्वयंपाकघराच्या बाजूने ट्रॉल्यांच्या भांड्यांचा आवाज येऊ लागला, आणि सिस्टरांनी लांबूनच घड्याळाकडे बोट दाखवलं.

मिस्त्री म्हणाले, “चला. उचलूया.”

सवयीने त्यांचा हात वीज बंद करायला गेला. एकोणचाळीस वर्षांत स्विच पाडल्याशिवाय त्यांनी एक वायर सोडवली नव्हती. हात स्विचपर्यंत पोचला, आणि रिकामाच परत आला.

“बंद नाही करायचं?” टेंपोवाल्याने विचारलं.

“शेवटाकडून काढू,” मिस्त्री म्हणाले. “सुरुवात राहू दे.”

नऊ नंबर काढली, आठ, सात. शर्यतीची शेवटची रेषा टेंपोत गेली. सहा, पाच. पाचची फळी दोघांच्या हातात दारापर्यंत पोचली होती, तेव्हा मागे तो आवाज झाला. चिडलेल्या माशीसारखा, एकाच सुरातला. मिस्त्री फळीसकट वळले. लाल गाडी चौथ्या फळीवर होती. मग फळी संपली आणि गाडी नाही संपली. सरळ हवेत गेली, धुण्याच्या टोपल्यांवरून, आणि भिंतीवर आपटून खाली पडली. एक चाक घरंगळत जेवणाच्या ट्रॉलीखाली गेलं.

टेंपोवाल्याने फळीचं आपलं टोक नीट जमिनीवर ठेवलं.

फोन मिस्त्रींच्या खिशात होता. बराच वेळ नुसती खरखर, मग मावशी आल्या. “अहो, दाबलाय हो त्यांनी. मी आत्ता आले तर दाबलेलाच आहे.”

डोळे उघडे आहेत का, हे मिस्त्रींना विचारायचं होतं. झोपेतही बोट आखडतं, हे व्यायामवाल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. प्रश्न त्यांच्या तोंडापर्यंत आला आणि त्यांनी तो तिथेच ठेवला.

“सोडतच नाहीयेत,” मावशी म्हणाल्या. “घट्ट धरलाय. बोट सोडवू का?”

“नको. राहू दे.”

“आणि काय सांगू त्यांना?”

मिस्त्रींनी डाव्या लेनकडे पाहिलं. दिव्यांचा खांब अजून हिरवा होता. दादाच्या लेनवरचा लाल दिवा, जो जोडावा की नाही म्हणून ते एवढे थांबले होते, लागला नव्हता.

“म्हणावं, तू जिंकलास,” ते म्हणाले. “आणि फाउल नाही. या वेळी अजिबात फाउल नाही.”

मावशींनी ते तसंच्या तसं सांगितलं, मोठ्याने, दोनदा. वरून काही उत्तर आलं असेल तर ते फोनपर्यंत पोचलं नाही.

ट्रॉल्या समोर येऊन थांबल्या होत्या. मिस्त्री गुडघ्यावर हात ठेवून वाकले, उजव्या लेनमागे पडलेला आपला चाप त्यांनी उचलला आणि शेवटपर्यंत दाबला. त्यांची गाडी सुटली, चार फळ्या ओलांडून हवेत गेली, आणि टोपल्यांपलीकडे दादाच्या गाडीपासून हातभर अलीकडे पडली.